‘नाही’ सांगायला दारात जाणाऱ्या प्रभाबाई

साताऱ्याहून प्रभाबाईंच्या भाचीचा फोन आला, तेव्हा मी स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत बसले होते. “सुमनमावशी, आत्या गेली... झोपेतच गेली. काही त्रास झाला नाही,” ती म्हणाली. मी “बरं” म्हटलं. अशा वेळी माणसाच्या तोंडून ‘बरं’ का निघतं कोण जाणे. फोन ठेवला आणि पुन्हा कोथिंबिरीपाशी येऊन बसले. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की मी चांगल्या काड्या टाकून देत होते आणि पिवळी पानं ताटात ठेवत होते. प्रभाबाई नव्वदीला टेकल्या होत्या. गेली काही वर्षं त्यांना नीट दिसत नव्हतं, चार पावलं टाकायची तर कुणाचा तरी हात लागायचा. त्यामुळे धक्का बसला असं म्हणता येणार नाही. पण काही माणसांच्या बाबतीत आपण मनात धरूनच चालतो की ती कुठंतरी आहेत, एखाद्या खिडकीपाशी बसली आहेत, आणि आपण जाऊ तेव्हा भेटणारच आहेत...

मी वाईहून सांगलीला आले ती शाळेत मराठीची शिक्षिका म्हणून. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि मी विशीत होते. प्रभाबाई त्याच शाळेत चित्रकला शिकवायच्या. माझ्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठ्या, उंच, काटकुळ्या, खळ घातलेली सुती पाचवारी साडी चापूनचोपून नेसणाऱ्या. लग्न केलेलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर “राहून गेलं” एवढंच म्हणायच्या, जसं एखादं पत्र टाकायचं राहून जावं. शाळेत त्यांचा दरारा होता, कारण त्या खोटं कौतुक करायच्या नाहीत. एका मुलीनं मोठ्या हौसेनं पोपट काढून आणला होता. बाईंनी कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि म्हणाल्या, “हा पोपट छान आहे, पण हा कॅलेंडरवरचा आहे. तुझ्या घराजवळच्या झाडावर जो येतो, तो कुठे आहे?” मुलगी रडवेली झाली. संध्याकाळी मी पाहिलं, तर बाई त्या मुलीच्या घराबाहेरच्या जांभळाखाली तिच्याशेजारी मान वर करून उभ्या होत्या. दोघी पोपटाची वाट बघत होत्या.

त्या काळात सांगलीत दिवाळीनंतर हस्तकलेचं एक प्रदर्शन भरायचं. गावातल्या चार हौशी मंडळींनी ते सुरू केलं होतं. त्याची ख्याती अशी की तिथं वाटेल ती वस्तू मांडायला मिळत नसे. आधी निवड समिती बसायची. समितीत तिघं होते. एक वकीलसाहेब, एक भांड्यांचे मोठे व्यापारी आणि प्रभाबाई. सांगली-साताऱ्याच्या गावागावांतून कारागीर आपापल्या वस्तू घेऊन यायचे, किंवा एसटीच्या टपावर टाकून पाठवायचे. मिरजेचे तंबोरे यायचे, महाबळेश्वरच्या काठ्या, बुरडांची सुपं-टोपल्या, कुंभारांचे रांजण, मातीचे बैल. हॉल लहान होता, त्यामुळे आलेल्यातल्या निम्म्या वस्तू तरी परत जायच्या. माझं अक्षर बरं म्हणून वस्तूंपुढच्या पाट्या लिहायचं काम बाईंनी माझ्या गळ्यात घातलं होतं.

पहिल्या वर्षी मी हे सगळं नवलाईनं बघत होते. निवड झाली आणि नाकारलेल्या वस्तू मागच्या व्हरांड्यात रचून ठेवल्या. त्यांच्या मालकांनी येऊन त्या घेऊन जायच्या, असा शिरस्ता होता. दुसऱ्या दिवशी एक बुरडीण आपलं सूप न्यायला आली. शिपायानं तिला ते काढून दिलं. तिनं ते उलटं केलं, सुलटं केलं, कडेवरून बोट फिरवलं आणि शिपायाला विचारलं, “काय चुकलं वं ह्यात?” शिपाई काय सांगणार? तो म्हणाला, “मला काय म्हाईत? साहेब लोकांनी काढलंय.” तिनं ते सूप पुन्हा एकदा उन्हाकडं धरून पाहिलं, मग डोक्यावर पालथं घातलं आणि चालू लागली. प्रभाबाई आणि मी दारात उभ्या होतो.  घरी जाताना बाई मध्येच थांबून म्हणाल्या, “सुमन, ती आता घरी जाऊन रात्रंदिवस ते सूप बघत बसेल. आणि तिला दिसणार काहीच नाही, कारण तिला कुणी सांगितलंच नाही. ज्यानं ‘नाही’ म्हटलं, त्यानं दारात जाऊन सांगायला नको?”

झालं! पुढच्या वर्षापासून नाकारलेल्या वस्तू परत करायचं काम बाईंनी स्वतःकडं घेतलं. वकीलसाहेब हसले, म्हणाले, “प्रभाबाई, लोक मारतील हो तुम्हाला.” पण बाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. रविवारी आणि नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघी एसटीनं गावोगाव हिंडायचो. बाईंच्या काखोटीला कधी टोपली असे, कधी लाकडी घोडा. मी सोबतीला. खरं सांगायचं तर मला त्या भटकंतीची चटक लागली होती. महाबळेश्वरला इब्राहिमभाई म्हणून एक काठ्या करणारे होते. त्यांनी सिंहाच्या तोंडाची मूठ असलेली काठी पाठवली होती. जबडा उघडा, दात सगळे कोरलेले. बाईंनी ती काठी त्यांच्याच हातात दिली आणि म्हणाल्या, “आता हिच्यावर भार टाकून चार पावलं चालून दाखवा.” इब्राहिमभाई चालले आणि तळहात झटकत परत आले. “टोचतंय जरा,” ते कबूल झाले, “पर बाई, टुरिस्ट लोकांना सिंहच लागतो. काठी टेकून कोण चालतंय? भिंतीला लावत्यात.” बाई म्हणाल्या, “मला टेकून चालायची काठी हवी.” त्यावर त्यांनी आम्हाला चहा पाजला, थंडीत शेगडीपाशी बसवलं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सिंहच पाठवला. फक्त त्याचं तोंड मिटलेलं होतं! बाई खूप वेळ हसल्या आणि तो सिंह त्यांनी निवडला.

पण ज्या घटनेमुळं मला प्रभाबाई खऱ्या कळल्या, ती यानंतरची. दुष्काळ सरून फार दिवस झाले नव्हते. कवठे महांकाळच्या पुढच्या एका गावातून म्हादबा नावाचा एक विणकर घोंगडं घेऊन आला. तिशीपस्तिशीचा, उन्हानं रापलेला, बोलायला संकोची. त्यानं घोंगडं टेबलावर उलगडलं आणि तिघंही परीक्षक पुढं वाकले. काळंभोर, कडेला पांढऱ्या लोकरीची एक बारीक रेघ, बस. बाकी काही नक्षी नाही. एका टोकाला चारेक बोटं वीण जरा सैल वाटत होती, पण तेवढं कुणी मनावर घेतलं नाही. बाईंनी घोंगड्याचं टोक उचलून गालाला लावलं. घोंगडं म्हटलं की टोचणार हे आपण गृहीत धरतो, पण हे टोचत नव्हतं. बाईंनी डोळे मिटले आणि विचारलं, “सूत कुणी काढलंय?”

“घरातनंच की,” म्हादबा म्हणाला.

“घरातनं म्हणजे कुणी?”

“कारभारनीनं.”

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. “पाटीवर दोघांची नावं लिही.” मी टाक उचलला, तेवढ्यात म्हादबा गडबडून म्हणाला, “नगा बाई, नगा. बायकूचं नाव चारचौघांत पाटीवर... गावात हसत्याल लोक.” वकीलसाहेबांनीही चष्मा पुसत सांगितलं, “प्रभाबाई, आपल्या नियमात कारागीर एकवचनात आहे. सूत म्हणजे कच्चा माल. उद्या मेंढराचंही नाव घालायचं का?” व्यापारी हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा ताठरला. “हे असं सूत काढायला जन्म जातो साहेब. हे घोंगडं एकट्याचं नाही. आणि नियम जर एकट्यासाठीच असेल, तर हे नियमात बसत नाही. माझं मत, नाही.” वकीलसाहेब चाटच पडले. “अहो, आलेल्यातली सगळ्यात उत्तम वस्तू आहे ही!” “म्हणूनच,” बाई म्हणाल्या. एका जरी परीक्षकाचं मत विरोधी असलं तर वस्तू घ्यायची नाही, असा दंडक होता. म्हादबानं काय समजायचं ते समजून घेतलं. घोंगड्याला त्यानं हातसुद्धा लावला नाही. तसंच टेबलावर टाकून, खाली मान घालून तो निघून गेला.

रविवारी आम्ही निघालो. प्रदर्शनाला अजून अवकाश होता. घोंगडं बाईंनी घडी करून खांद्यावर टाकलं होतं. कंडक्टरनं ते पाहून विचारलं, “काय बाई, मेंढरं राखाय निघाला काय?” बाईंनी गंभीरपणे तिकीट घेतलं. वाटेत त्या खुशीत होत्या. म्हादबाच्या बायकोला काय सांगायचं याची त्यांनी मनात जुळवाजुळव केली होती, हे मला दिसत होतं. फाट्यावर उतरलो आणि माळावरून चालत गावात शिरलो. दुपारचं ऊन, एखाददुसरं बाभळीचं झाड, मोकळे पडलेले मेंढवाडे. घोंगडी विणणाऱ्या सनगरांच्या आळीत म्हादबाचं घर सापडलं. तो घरी नव्हता, कवठ्याच्या बाजाराला गेला होता. दारात एक बाई चरख्यावर लोकर कातत बसली होती. तीच त्याची बायको, गवरा. माझ्यापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठी असेल. आम्हाला बघून ती उठली, पाणी आणलं, कांबळं अंथरलं. आणि मग तिची नजर बाईंच्या खांद्यावर गेली.

“हे आमचं घोंगडं न्हवं?” तिनं विचारलं. “हितं कशापायी आणलं?”

म्हादबानं घरी काही सांगितलेलंच नव्हतं. सांगलीला ठेवून आलो, एवढंच तो बोलला होता. बाईंनी तिला सगळं सांगितलं. निवड कशी झाली, आपण सूत कसं ओळखलं, दोन नावांचा आग्रह कसा धरला. सांगताना त्यांचा आवाज मऊ झाला होता. “तुझ्या हाताचं मोल कुणी करत नाही, गवरा. मला ते सहन झालं नाही. म्हणून मी नाही म्हटलं.”

गवरानं सगळं ऐकून घेतलं. मग ती ज्या स्वरात बोलली, तो मी अजून विसरलेले नाही. “आवं बाई, माझ्या नावापायी त्येंचं घोंगडं म्हागारी आणलं? मला इचारलं व्हतं का तुमी?”

बाईंनी खांद्यावरचं घोंगडं काढून मांडीवर घेतलं.

“दुस्काळात मेंढरं ग्येली, लोकर न्हाई, माग बंद पडला. हे खडी फोडाय ग्येलं. दोन साल खडी फोडली. अंगठ्याव दगड बसला, तवापास्नं हाताला कापरं. दुस्काळ सरला, पाऊस झाला, पर हे मागावर बसंनात. म्हनायचं, बोटं आता माझी न्हाईत. दिसभर भिताडाला टेकून बसायचं. बोलनं न्हाई, हसनं न्हाई. मी धनगरणीच्या घरी भाकऱ्या थापल्या, लोकर आणली, थंडीभर कातली. आन काय बी न बोलता सूत मागापाशी ठिवून दिलं. लय दिस तसंच पडलं व्हतं. येक दिस मी पानी घिऊन आले, तर हे मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्यालं...” एवढं बोलून तिनं बाईंच्या मांडीवरचं घोंगडं ओढून घेतलं, सरकन उलगडलं आणि ते सैल विणीचं टोक पुढं केलं. “हे बघा. हितं हात कापतुया त्येंचा. हितं बी. आन हे बघा, हितनं...” तिची बोटं पुढं सरकली, “हितनं बसला. हितनं फुडं कुटं बी हालला न्हाई. मी त्येंच्या नावासाठनं कातली वं बाई ही. माझं नाव काय करायचं मला?”

आत कुठंतरी चुलीवर काहीतरी उतू गेल्याचा वास आला. गवरा उठून आत गेली. बाई ते टोक हातात धरून बसून राहिल्या. मग त्यांनी विचारलं, “गवरा, मी हे परत घेऊन जाऊ का?” आतून उत्तर आलं, “मला काय इचारता? ज्येचं हाय त्येस्नी इचारा.” मग आम्ही थांबलो. गवरानं भाकरी आणि हुलग्याचं माडगं वाढलं. रागावली होती, तरी वाढताना हात आखडला नाही. उन्हं कलल्यावर म्हादबा आला. आम्हाला बघून दारातच थबकला, मग पाय धुतले, तोंड पुसलं आणि लांब भिंतीशी जाऊन बसला. प्रभाबाई उठून त्याच्यासमोर गेल्या. शाळेतल्या मुलींनी ज्यांच्यापुढं तोंड उघडायचं धाडस केलं नसतं, त्या प्रभाबाई हात जोडून म्हणाल्या, “म्हादबा, माझी चूक झाली. तुमचं घोंगडं मला प्रदर्शनात लावायचं आहे. नेऊ का?”

म्हादबानं आपल्या अंगठ्याकडं पाहिलं. मग म्हणाला, “चूक कसली? तुमी बराबर बोललासा. सूत तिचंच हाय. मला तवा बोलाय सुधरलं न्हाई... न्या की. लिवा दोगांची नावं.”

“येकच!” आतून गवरा ओरडली.

 म्हादबा हसला. गवरा कवाडाआडून त्याच्याकडं बघत होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि झटकन आत वळली. तेव्हा मला तिच्या वागण्याचा अर्थ नीटसा कळला नव्हता. आता कळतो. तिनं त्याला कितीतरी दिवसांनी हसताना पाहिलं होतं.

परत येताना फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही बसलो होतो. घोंगडं पुन्हा बाईंच्या खांद्यावर. सूर्य मावळत होता, माळ तांबूस झाला होता. बाई एकदम म्हणाल्या, “सुमन, मी तिच्यासाठी भांडत होते की माझ्यासाठी गं?”   गाडी आली आणि आम्ही चढलो. वकीलसाहेबांपुढं दुसऱ्या दिवशी बाईंनी आपला नकार मागं घेतला. त्यांनी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, “मी घोंगडं अर्धंच पाहिलं होतं.”

प्रदर्शनाला म्हादबा आणि गवरा दोघंही आले. गवरा हिरवं इरकल नेसली होती, ठेवणीतलं असावं. ती आधी सगळा हॉल फिरली, इब्राहिमभाईंच्या सिंहाला हात लावून आली, आणि मग आपल्या घोंगड्यापुढं येऊन उभी राहिली. मला जवळ बोलावून पाटीकडं बोट दाखवत म्हणाली, “काय लिवलंय?” मी वाचलं, “घोंगडी. कारागीर, म्हादबा.” खाली गावाचं नाव. तिनं मान डोलावली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, “आजून येकदा वाचा की.” मी पुन्हा वाचलं. प्रभाबाई जरा अंतरावर खांबाला टेकून उभ्या होत्या. त्या पुढं आल्या नाहीत. संध्याकाळी त्या घोंगड्याला पहिला मान मिळाला आणि म्हादबाला व्यासपीठावर बोलावून श्रीफळ दिलं. टाळ्या वाजत असतानाच तो खाली उतरला, सरळ बायकांच्या रांगेपाशी गेला आणि बाजारातून आणलेला जिन्नस घरधनिणीच्या हातात द्यावा तसा तो नारळ न बघताच गवराच्या हातात दिला. तिनंही तो न बघताच ओटीत घेतला. शेजारच्या बाईशी चाललेलं तिचं बोलणं काही थांबलं नाही.

त्यानंतर बाई बदलल्या. ‘नाही’ म्हणायचं त्यांनी सोडलं नाही, पण दारात गेल्यावर त्या आधी विचारू लागल्या, “करताना मनात काय होतं?” साताऱ्याजवळच्या एका गावात निवृत्त हवालदार होते. ऊसवाले, घरचं बरं असलेले. त्यांनी शिसवी लाकडातून रणगाडा कोरून पाठवला होता, तोफ, साखळी, स्क्रू, सगळं हुबेहूब. आम्ही तो परत घेऊन गेलो तेव्हा ते खुर्चीत ताठ बसून म्हणाले, “रिजेक्ट? फौजेत माल रिजेक्ट केला तर कारण सांगत्यात.” बाईंनी विचारलं, “हा कुणासाठी केलात?”  लढाईत त्यांचा एक दोस्त रणगाड्यातच राहिला होता. ते तास-दीड तास बोलत होते. घरच्यांनीसुद्धा ते कधी ऐकलं नव्हतं, हे दारात येऊन उभ्या राहिलेल्या त्यांच्या सुनेच्या चेहऱ्यावरून कळत होतं. शेवटी बाई म्हणाल्या, “हवालदारसाहेब, प्रदर्शनात मी हा घेणार नाही. तिथं लोक फक्त स्क्रू मोजतील. हा घरात ठेवा.” त्यांनी रणगाडा आपल्याकडं ओढून घेतला. “न्हाई म्हनलासा तरी चालंल,” ते म्हणाले, “आइकलंसा तेवढं पुरं झालं.” निघताना त्यांनी उसाची मोळीच आमच्या पिशवीत कोंबली. ती उचलता उचलता आमचे हात मोडायची वेळ आली.

गवराशी बाईंचा जो जीव जडला तो कायमचा. दर वर्षी एक फेरी ठरलेली. त्यांच्यात काय बोलणं व्हायचं ते मला पूर्ण कधी कळलं नाही, कारण बरंचसं न बोलताच चालायचं. गवरा कातत बसायची आणि बाई लोकरीचा पेळू हातात घेऊन बघत बसायच्या. प्रदर्शनाच्या शेवटच्या शेवटच्या एका वर्षी बाईंनी भीत भीतच विचारलं, “गवरा, यंदा पाटीवर तुझं नाव घालू का?” तिनं चरखा थांबवून नवऱ्याकडं पाहिलं. म्हादबा माग न सोडताच म्हणाला, “घाला की. आता गावात मलाच गवराचा दादला म्हनत्यात.” त्या वर्षी मी पाटीवर दोन नावं लिहिली. नियम केव्हा आणि कुणी बदलला, मला आठवत नाही. बहुधा कुणी बदललाच नव्हता. वकीलसाहेबांनी पाटी वाचली, चष्मा पुसला आणि पुढं गेले. कुणीही हसलं नाही. कुणाचं फारसं लक्षही गेलं नाही. फक्त प्रभाबाई जाता-येता त्या पाटीपाशी थांबत होत्या.

पुढं मंडळातली माणसं थकली, हॉल लग्नकार्यांना द्यायला लागले आणि प्रदर्शन बंद पडलं. बाई निवृत्त होऊन साताऱ्याला भावाकडं गेल्या. गुडघे धरले, मोतीबिंदू झाला, तरी साताऱ्याहून एसटी बदलत बदलत गवराकडं जाणं काही त्यांनी बरीच वर्षं सोडलं नाही. म्हादबा वारला तेव्हाही त्या जाऊन आल्या होत्या. मी त्यांना शेवटचं भेटले ते गेल्या उन्हाळ्यात. खिडकीशी बसल्या होत्या. माझ्या साडीचा पदर चिमटीत धरून म्हणाल्या, “मिलचं आहे...” आणि मग, “गवरा कशी आहे?” मी म्हटलं, “बरी असेल.” “असेल नको,” त्या म्हणाल्या. “बघून ये.” माझं जाणं झालं नाही, आणि मग भाचीचा फोनच आला.

गवराबाईंच्या मुलाचा नंबर माझ्याकडं होता. पण ही बातमी फोनवर सांगणं मला जमेना. दिवस झाल्यावर साताऱ्याला जाऊन आले आणि त्याच आठवड्यात माझ्या मुलाला सोबत घेऊन कवठ्याची वाट धरली. आता फाट्यापासून घरापर्यंत डांबरी रस्ता आहे, माळावर पाणी आलंय, द्राक्षाचे मांडव दिसतात. गवराबाईंच्या पाठीला बाक आला आहे. त्यांनी मला ओळखलं. मी बाईंशिवाय आलेली पाहिली आणि मी काही बोलायच्या आधीच त्या उंबऱ्यावर बसल्या. “कवा?” एवढंच त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही. माझा हात हातात घेऊन बराच वेळ कुरवाळत राहिल्या. त्यांची बोटं अजून तशीच आहेत, गुळगुळीत, एखादं सूत चाचपून बघावं तशी फिरणारी.

मग त्यांनी मला आत नेलं. मागाची खोली. माग कधीच मोडला, खड्डा बुजवून फरशी घातली आहे, त्यांच्या मुलाची फवारणीची औषधं तिथं रचून ठेवलेली असतात. दाराशी मात्र एक बुटकं लाकडी स्टूल होतं. मी सहज त्यावर बसायला गेले. “तितं...” गवराबाई म्हणाल्या आणि थांबल्या. मग म्हणाल्या, “बसा, बसा. बाई काय म्हनायच्या न्हाईत.” म्हादबानं ते मागाच्या जुन्या लाकडातून करून घेतलं होतं, बाईंचे गुडघे वाकेनासे झाले तेव्हा. मी स्टुलावर बसले नाही. खाली घोंगडं अंथरलेलं होतं त्यावरच टेकले. गवराबाई माझ्याशेजारी बसल्या. आम्ही बोलू लागलो, म्हादबाबद्दल, शाळेबद्दल, माझ्या नातवंडांबद्दल. बोलता बोलता ऊन उंबऱ्यावरून आत सरकलं. गवराबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, ते रिकामं स्टूल उचललं आणि उन्हाच्या कडेला नेऊन ठेवलं.

“बाईंस्नी उजेड लागायचा,” त्या म्हणाल्या. मग परत येऊन माझ्याजवळ बसल्या आणि हळूच विचारलं, “शेवटी काय खाल्लं वं त्येंनी? पोटात काय अन्न हुतं का?”

मी त्यांना सांगू लागले.